झुरळाच्या लेंडीत युरिक ॲसिड असतं का: प्रकल्प नोंदी

२९ जुलै

विषय एकदाचा पास झाला. एमएस्सी झूलॉजी, दुसरं वर्ष, प्रोजेक्ट "झुरळातील नायट्रोजन उत्सर्जन", पार्टनर वैष्णवी. मॅडमना म्हटलं झुरळ फुकट मिळतं म्हणून झुरळ घेऊ, तर त्या म्हणाल्या फुकट मिळतं ते ठीक, पण प्रश्न काय आहे तुमचा, झुरळ युरिक ॲसिड टाकतं हे अकरावीच्या पोरांना पण माहितीये. मग त्यांनीच एक जुना पेपर पुढे सरकवला, १९७२ चा, मलिन्स आणि कॉक्रन, 'सायन्स'मधला, आणि त्याचं शीर्षकच असं की झुरळांच्या उत्सर्जनात युरिक ॲसिड हा मुख्य पदार्थ नाहीच.

नीटसाठी एनसीईआरटीची पारायणं केलेल्या कुणालाही ते वाक्य पाठ असतं. मालपिघियन नलिका नायट्रोजनचा कचरा शोषतात, त्याचं युरिक ॲसिड करतात, ते मागच्या आतड्यातून बाहेर जातं, म्हणून हा कीटक युरिकोटेलिक. हमखास एक प्रश्न. आणि इकडे ५० वर्षांपूर्वी दोन माणसं म्हणून गेलीत की अमेरिकन झुरळाच्या बाबतीत असं होत नाही! मग बघूच की. लेंडीत शोधायचं, अंगात शोधायचं, अमोनिया मोजायचा.

२ ऑगस्ट

आज लॅब नाही, नुसतं वाचन. व्हायवाला हेच विचारणार म्हणून लिहून ठेवते.

प्रोटीन खाल्लं की अमिनो ॲसिड मोडतात, अमोनिया सुटतो, तो विषारी. पाण्यात राहणाऱ्याला काही टेन्शन नाही, सोडला पाण्यात की झालं. जमिनीवरच्या जीवाला ते पाणी परवडत नाही, पुस्तकी अंदाज असा की १ ग्रॅम नायट्रोजन अमोनिया म्हणून टाकायला ३०० ते ५०० मिली पाणी लागतं, युरिया म्हणून ५० च्या आसपास आणि युरिक ॲसिड म्हणून साधारण १०. कारण युरिक ॲसिड विरघळतच नाही, १०० मिली पाण्यात जेमतेम ६ मिलिग्रॅम. खडा होऊन बाजूला बसतं आणि बाकीचं पाणी परत ओढून घेता येतं. एका रेणूत ४ नायट्रोजन मावतात हा अजून एक फायदा. पण स्वस्तातलं काम नाही, प्युरीनचं रिंग, म्हणजे युरिक ॲसिडचा सांगाडा, बांधायला ग्लायसीन, ग्लुटामीन, ॲस्पार्टेट आणि वर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करावं लागतं.

आणि "कीटक म्हणजे युरिक ॲसिड" हे पण सरसकट खरं नाही. मांसावरच्या माशीच्या अळ्या अमोनिया टाकतात, ओलसर जागेत राहतात त्यांना चालतं. माव्याला मालपिघियन नलिकाच नसतात, त्याचा अमोनिया चिकट्यातून जातो. डिस्डर्कस, म्हणजे आपल्या कापसावरच्या लाल ढेकण्याचं कूळ, त्यात ॲलनटॉइन, म्हणजे युरिक ॲसिड फोडून होणारा पदार्थ, सापडलंय. मग झुरळ वेगळं निघालं तर एवढं नवल कशाला.

६ ऑगस्ट

झुरळं जमली. मोठी लालसर अमेरिकन झुरळं, पेरिप्लॅनेटा, कॉलेजमागच्या ड्रेनेजच्या चेंबरमधली. लॅबमधल्या काकांनी झाकण उचललं आणि वैष्णवी जी पळाली ती थेट पार्किंगपर्यंत. बरणीच्या आतल्या कडेला व्हॅसलीन लावलं की वर चढत नाहीत, अंड्याचे ट्रे उभे करून ठेवले, कापसाचा ओला बोळा, डॉग बिस्किट. एक ॲडव्हान्स कामही करून ठेवलं, रिकाम्या काचेच्या ट्यूबमध्ये एकेक झुरळ आणि तोंडाशी लाल लिटमसचा ओला तुकडा, अमोनिया लागला की तो निळा होतो. संध्याकाळपर्यंत बऱ्याच ट्यूबमध्ये कडेने निळसर झाला होता. यावरून काही सिद्ध होत नाही, पण लिटमस बघून वैष्णवी ट्यूब हातात घ्यायला लागली हे काय कमी आहे.

११ ऑगस्ट

युरिक ॲसिड ओळखायची म्युरेक्साइड टेस्ट बसवली. पोर्सिलीनच्या वाटीत चिमूटभर सॅम्पल, कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक ॲसिडचे दोन थेंब, वॉटर बाथवर हळूहळू कोरडं करायचं, पिवळट-तांबूस डाग राहतो, त्यावर अमोनियाचा थेंब सोडला की जांभळट लाल. आमच्याकडे फ्यूम हूडचा पंखा बंद आहे, अर्ज दिलेला आहे, तोपर्यंत व्हरांड्याच्या टोकाला टेबल आणि तोंडाला मास्क.

स्टँडर्ड युरिक ॲसिडला रंग काय सुरेख येतो. पॉझिटिव्ह कंट्रोलला अजून एखादा खरा प्राणी पाहिजे होता तर खिडकीवरची कबुतरं आहेतच, विष्ठेतला फक्त पांढरा भाग खरवडून घेतला, एकदम कडक जांभळा. पक्षी बिनचूक निघाले.

१३ ऑगस्ट

आज झुरळाची लेंडी. बारीक काळपट दाणे, त्यावर उभ्या रेघा. जांभळा रंग नाहीच, पिवळा आला आणि अमोनिया टाकल्यावर नारिंगी. वैष्णवी म्हणे थोडं असेल. पण हा नारिंगी भलताच आहे, नायट्रिक ॲसिडने प्रोटीन पिवळं पडतं आणि अल्कलीत नारिंगी होतं, बायोकेमच्या पहिल्या सेमची झँथोप्रोटिक टेस्ट ती हीच. म्हणजे लेंडी डायरेक्ट वाटीत टाकायची सोय नाही, आधी एक्स्ट्रॅक्शन.

लिथियम कार्बोनेटच्या पातळ द्रावणात युरिक ॲसिड चांगलं उतरतं. लेंडी कुटून त्यात कोमट करायची, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचं पाणी काढून घ्यायचं. कबुतराच्या एक्स्ट्रॅक्टमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून ठेवलं तर थोड्या वेळाने तळाला बारीक स्फटिक बसले, झुरळाचं एक्स्ट्रॅक्ट तसंच्या तसं. त्यावर म्युरेक्साइड, कबुतर जांभळं, झुरळ निरंक. मग झुरळाच्या लेंडीत मुद्दाम थोडं स्टँडर्ड मिसळून परत सगळं केलं, तर रंग आला, म्हणजे लेंडीतलं दुसरं काही रंग दाबत नाहीये. मुळात युरिक ॲसिडच नाहीये, किंवा आमच्या टेस्टला दिसेल इतकं नाही.

१८ ऑगस्ट

मॅडम म्हणाल्या कंट्रोलला पक्षी कशाला, युरिक ॲसिड टाकणारा कीटकच आणा. मग रेशीमअळी. वैष्णवीच्या मामांची बीडकडे रेशीम शेती आहे, व्ही-१ तुती आणि डबल हायब्रीडच्या अळ्या, कोष जालन्याच्या मार्केटला जातात. शेडमध्ये असंच शिरू देत नाहीत, चप्पल बाहेर, पाय ब्लिचिंगच्या पाण्यात, हात धुवायचे. अळ्या शेवटच्या अवस्थेत होत्या, आत गेलं की पाला खाण्याचा आवाज येतो, सरीवर सरी पडल्यासारखा, बोलायला सुद्धा आवाज चढवावा लागतो.

"मामा, आम्हाला लेंड्या पाहिजेत."

"लेंड्या? अगं कोष मागतील, पाला मागतील, लेंड्या मागणारी तूच पहिली. ने की पोतंभर, खताला तर टाकतो."

चुना मारलेल्या रॅकवरच्या नाही घेतल्या, चुन्यावर नायट्रिक ॲसिड पडलं की फसफसतं आणि सगळा गोंधळ. कोपऱ्यातल्या चुना न मारलेल्या ट्रेमधल्या घेतल्या, वर काही अळ्या पण. मामांनी विचारलं ह्यातून काय निघणार, मी म्हटलं पांढरं काय आहे ते. ते म्हणाले पांढरी तर अळीच आहे की! तेव्हा हसले मी, पण घरी येऊन वाचलं तर मामांचं बोलणं शंभर टक्के बरोबर. रेशीमअळीचा पांढरेपणा म्हणजे कातडीच्या पेशींत साठलेले युरिक ॲसिडचे कण. ते जमत नाहीत अशा जातींची अळी तेलात बुडवून काढल्यासारखी पारदर्शक दिसते, आतलं आतडं बाहेरून दिसतं, जनुकशास्त्रात तिला ऑईली म्युटंट म्हणतात.

२० ऑगस्ट

रेशीमअळीच्या लेंडीचं एक्स्ट्रॅक्ट: जांभळा. कातडीचा धुतलेला तुकडा: त्याहून गडद जांभळा. झुरळ शेजारच्या वाटीत पिवळसर. तीन वाट्या एका ओळीत ठेवून फोटो काढला, रिपोर्टच्या पहिल्या पानावर हाच.

माल्पिघीने १६६९ मध्ये ह्या नलिका पहिल्यांदा दाखवल्या त्या रेशीमकिड्यातच. इटलीतला डॉक्टर माणूस, साधंसं मायक्रोस्कोप, आणि इतकी बारीक चिरफाड. आम्हाला एलईडी लाईट लावून सुद्धा आतडं फाटतं.

३० ऑगस्ट

गणपतीची सुट्टी, कॉलेज बंद, पण झुरळांना सुट्टी नसते म्हणून चावी मागून घेतली. आजपासून दोन बॅच वेगळ्या केल्या. एकीला सुकटीची पूड आणि थोडं पीठ, म्हणजे प्रोटीनचा मारा. दुसरीला साबुदाण्याचं पीठ आणि साखर, ज्यात प्रोटीन जवळपास नाहीच. काकांनी नावं पण ठेवली, "सुकटवाली" आणि "उपासाची". लेबलवर तीच लिहिली, मॅडमना दाखवताना बदलू.

३ सप्टेंबर

डिसेक्शन, डॉग बिस्किटवाल्यांमधलं. बर्फावर ठेवून गार केलं, पंख काढले, कडेने कात्री, पाठीची कवचं एकेक उचलली. पुस्तकातल्या चित्रात आतडं, नलिका, ग्रंथी सगळं मोकळं दिसतं, खऱ्या झुरळात मात्र आधी काहीच दिसत नाही, सगळीकडे पांढऱ्या चरबीच्या पाकळ्या भरलेल्या, फॅट बॉडी. ती बाजूला केल्याशिवाय आतड्यापर्यंत पोचताच येत नाही. आणि तो पांढरा रंग तेलकट चरबीसारखा नाही, मॅट आहे, अपारदर्शक.

पाकळीचा छोटा तुकडा, लिथियम कार्बोनेट, म्युरेक्साइड. इतका जांभळा की वाटी धुवायला त्रास झाला.

मग स्लाईड. स्फटिक काळ्या पार्श्वभूमीवर चमकवून दाखवणारा पोलरायझिंग मायक्रोस्कोप आमच्याकडे नाही, पण बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची फिल्म सोलून काढली, एक तुकडा कंडेन्सरखाली, एक आयपीसवर, वरचा फिरवत फिरवत मागचं सगळं काळं केलं. आणि त्या काळ्यात फॅट बॉडीच्या काही ठरावीक पेशी ठिपक्याठिपक्यांनी चमकत होत्या, गोल गोल दाणे, बाकीच्या पेशी अंधारात. ह्या युरेट पेशी, युरोसाईट (युरेट म्हणजे युरिक ॲसिडचा क्षार). म्हणजे युरिक ॲसिड बनतं तर आहेच, भरपूर बनतं, फक्त बाहेर जात नाही, तिथंच दाणे करून ठेवलं जातं. वैष्णवी आणि मी आळीपाळीने बघत बसलो, काका दोनदा दार लावायला येऊन परत गेले.

आमच्या वेळच्या एनसीईआरटीत त्याच परिच्छेदाच्या शेवटी एक ओळ होती की फॅट बॉडी पण उत्सर्जनाला मदत करते. ती ओळ कुणी अंडरलाईन करायचं नाही. खरं तर युरिक ॲसिड तयार होण्याची मुख्य जागाच ती, नलिका ते बनवत नाहीत, ज्या कीटकांत ते बाहेर जातं तिथे नलिका फक्त वाहून नेतात.

८ सप्टेंबर

मग नलिका करतात काय, हे बघायचं होतं. मधलं आणि मागचं आतडं जुळतं तिथे पिवळ्या धाग्यांचा झुबका, १०० ते १५० असतात असं पुस्तक म्हणतं, आम्ही मोजत बसलो नाही. सलाईनमध्ये काढून ठेवल्या तरी वळवळत राहतात, त्यांना स्वतःचे बारीक स्नायू असतात, पहिल्यांदा बघताना वाटतं जंतच निघाले. सलाईनमध्ये इंडिगो कार्मिन ह्या निळ्या रंगाचा थेंब टाकला आणि थांबलो. काही वेळाने बाहेरचं पाणी फिकट निळं आणि नलिकेच्या पोकळीत गडद निळी रेघ, म्हणजे रंग ओढून आत गोळा केलाय, नुसता पसरला असता तर आतबाहेर सारखा दिसला असता.

आपल्या किडनीत रक्ताच्या दाबाने गाळणं होतं. कीटकाचं रक्त उघड्या पोकळीत फिरतं, दाब असा नाहीच, मग गाळणार कसं? उत्तर: गाळतच नाही. नलिकेची पेशी एटीपी खर्चून प्रोटॉन पोकळीत ढकलते, त्या बदल्यात पोटॅशियम आत येतं, मागून क्लोराईड, मागून ऑस्मोसिसने पाणी, आणि पाण्याबरोबर बाकीचा बारीकसारीक माल. केंब्रिजच्या रॅमसेने १९५४ मध्ये काडीकीटकाची एकटी नलिका लिक्विड पॅराफिनखाली सलाईनच्या थेंबात ठेवून तिचं टोक बाहेर ओढलं, आणि टोकाशी लघवीचा थेंब साठताना दिसला, तो थेंब मोजायचा. आजही 'रॅमसे ॲसे', म्हणजे रॅमसेची चाचणी, म्हणून हेच करतात. आम्ही पण करून बघितलं, थेंब आला, पण मोजण्याइतका धड राहिला नाही, पॅराफिनच्या तळाला जाऊन चिकटला.

त्याच्याही आधी विगल्सवर्थने १९३१ मध्ये रक्त पिणाऱ्या रोडनियस ढेकणात नलिकेचे दोन भाग दाखवले होते. वरच्या भागात युरेट विरघळलेलं, खालच्या भागात वातावरण ॲसिडिक होतं, तिथे युरिक ॲसिडचे स्फटिक पडतात आणि पाणी, पोटॅशियम परत अंगात जातं. रोडनियसला नलिका चारच. ह्या पठ्ठ्याचं सगळं पुस्तकाप्रमाणे चालतं, गडबड आपल्या झुरळाची.

१६ सप्टेंबर

अमोनिया. नेसलर रिएजंट होतं कपाटात, पण त्यात पारा आहे, टाकायचं कुठे हा प्रश्न, मॅडमनी नाही म्हणून सांगितलं. काकांनी अडगळीतून कॉनवे डिश शोधून दिल्या, काचेची बशी आणि तिच्या मधोमध अजून एक छोटी बशी. बाहेरच्या भागात सॅम्पल आणि पोटॅशियम कार्बोनेट, मधल्या बशीत बोरिक ॲसिड आणि इंडिकेटर, वर ग्रीस लावून काच. अमोनिया उडतो आणि मधल्या बशीत जाऊन अडकतो, इंडिकेटर लालसरचा हिरवा होतो, मग टायट्रेशन. शंभर वर्षं जुनी वाटणारी पद्धत पण खर्च शून्य.

एक शंका होती की लेंडी पडून राहिल्यावर बॅक्टेरिया अमोनिया बनवत असतील. म्हणून झुरळ जाळीवर आणि खाली पातळ ॲसिडची बशी, पडलं की लगेच ॲसिडमध्ये, तिथे बॅक्टेरियाचं काही चालत नाही. तरी मधली बशी हिरवी झाली. ६ ऑगस्टचा तो निळा लिटमस उगाच नव्हता.

२५ सप्टेंबर

नवरात्र चालू, मेसमध्ये साबुदाणा, बरणीत साबुदाणा. लॅबमधल्या एका मुलाने आज विचारलं की अमोनिया बाहेर टाकायचाच असेल तर एवढे एटीपी घालवून युरिक ॲसिड बनवायचं आणि अंगात भरून ठेवायचं, हा कसला वेडेपणा. प्रश्न बरोबर होता आणि उत्तर माझ्याकडे तयार होतं म्हणून जरा जास्तच बोलले.

युरेट पेशींना खेटूनच फॅट बॉडीत दुसऱ्या पेशी असतात ज्यांच्या पोटात बॅक्टेरिया राहतात, ब्लॅटाबॅक्टेरियम. ब्लॉकमनने १८८७ मध्ये पाहिलेले. आईकडून अंड्यात येतात, बाहेर वाढवता येत नाहीत. २००९ मध्ये त्यांचा जीनोम वाचला तेव्हा कळलं की त्यांच्याकडे युरिएज आहे, म्हणजे युरिया फोडून अमोनिया, आणि तो अमोनिया ग्लुटामेटमध्ये घालून पुढे अमिनो ॲसिड बनवायची सोय पण आहे. युरिकेज मात्र नाही, म्हणजे युरिक ॲसिड फोडायची पहिली पायरी ते स्वतः करत नाहीत. अँटिबायोटिक देऊन हे बॅक्टेरिया मारले तर झुरळाच्या अंगात युरेटचा ढीग साचत जातो.

म्हणजे फॅट बॉडीतले ते दाणे हा नायट्रोजनचा साठा आहे. ड्रेनेजमधल्या झुरळाला एक दिवस मटणाचा तुकडा मिळतो आणि नंतर महिनाभर पुठ्ठा आणि डिंक. मिळालं तेव्हा ठेवायचं, नसेल तेव्हा काढायचं, आणि फारच जास्त झालं तर अमोनिया म्हणून सोडून द्यायचं, नाहीतरी ओल्या जागेतच राहतंय. त्या मुलाचं समाधान झालं का माहीत नाही, कँटीनला निघून गेला.

१० ऑक्टोबर

दोन्ही बॅच उघडल्या. आत काय दिसणार ह्याचा अंदाज होता तरी पहिलं उपासाचं झुरळ उघडताना दोघी गप्प होतो. फॅट बॉडी आहे, पण पाकळ्या बारीक, काचेसारख्या अर्धपारदर्शक, आतडं थेट दिसतंय. सुकटवालं उघडलं तर आत पांढरं ठिक्कर, नलिका शोधायला ब्रश लागला. पोलरॉईडखाली तर सांगायची गरजच नाही, एकात सगळं फील्ड चमकतंय, दुसऱ्यात इथे तिथे एखादा दाणा.

मोजायला पॅथॉलॉजीचं युरिक ॲसिड किट वापरलं, युरिकेज-पेरॉक्सिडेजवालं, गाऊटच्या पेशंटचं रक्त ज्याने तपासतात तेच. एक्स्ट्रॅक्टचा पीएच आधी सातच्या आसपास आणावा लागतो नाहीतर एन्झाइम नीट चालत नाही. सुकटवाल्यांचा रंग इतका गडद की पातळ करून परत वाचावं लागलं, उपासाच्यांचा फिकट गुलाबी. लेंडीत दोन्हीकडे युरिक ॲसिड नाही, कॉनवेमध्ये सुकटवाल्यांचा अमोनिया स्पष्ट जास्त. आकडे एक्सेलमध्ये आहेत, इथे परत लिहीत नाही.

सुकटवाल्यांत मेलेली जास्त होती हे पण लिहायला हवं. बरणीचा वास पण असह्य होता, तेव्हा अमोनियाने मेली की युरेटने की आधीच म्हातारी होती, ह्या प्रयोगातून ते सांगता येणार नाही आणि रिपोर्टमध्ये आम्ही सांगणारही नाही.

१६ ऑक्टोबर

दिवाळीच्या आधी शेवटचं काम, मूळ प्लॅनमध्ये नव्हतं. हॉस्टेलच्या मेसमध्ये छोटी झुरळं असतात, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा, जर्मन झुरळ, ब्लॅटेला. ह्यांच्या नरात युरिकोज ग्रंथी असतात, आमच्या एनसीईआरटीत जिचं नुसतं नाव यायचं ती हीच. नराच्या शेपटाकडचा भाग उघडला तर तिथे पांढऱ्या नळ्या, सुईने टोचल्या की आतून दाट पांढरं बाहेर. म्युरेक्साइड जांभळं. नर मीलनाच्या वेळी हे युरिक ॲसिड शुक्राणूंच्या पिशवीवर थापतो आणि त्यातला नायट्रोजन मादीमार्फत अंड्यांच्या डबीपर्यंत जातो, असं १९८० च्या सुमाराचं काम सांगतं.

मेसच्या मावशींनी गॅसखालून एक मादी काढून दिली, मागे अंड्यांची डबी लटकलेली. "हिला नेऊन काय करता गं?" म्हटलं परीक्षेला आहे. "मग सगळीच न्या की, परीक्षा दोन होऊ देत."

डबी कुटून लिथियम कार्बोनेटमध्ये टाकली, संध्याकाळी वाटीत थेंब सोडला, तिचा पण जांभळा. कोवळ्या आणि पिकलेल्या डब्या शेजारी ठेवून किटने मोजायच्या, पिल्लू वाढताना साठा कमी होतो का ते बघायचं, म्हणजे दिवाळीनंतर मावशींकडे परत जाणं आलं. वैष्णवीला सांगितलंय, फराळाचा डबा घेऊन ये.